दिवसाचे पंचवीस तास

१

बाळंतपणाची रजा संपवून मी परत कामावर रुजू झाले तेव्हा मॅडमनी मला अर्धा दिवस आणि ऑफिसातलं सगळ्यात सोपं काम दिलं. "डोकं लागत नाही त्याला," त्या म्हणाल्या, आणि माझा चेहरा बघून पुढे म्हणाल्या, "म्हणजे तुझं आहेच गं, पण सध्या ते घरी असणार."

खरंच होतं. ते घरीच होतं, आठ महिन्यांच्या चिमीपाशी.

आमची कंपनी आजारी माणसांच्या घरी ऑक्सिजनची मशीन पुरवते. गुडघ्याच्या जरा वर येणारं, चाकांवरचं पांढरं खोकं. हवा आत ओढतं, त्यातला ऑक्सिजन वेगळा काढतं आणि नळीवाटे नाकापाशी सोडतं. पाठीमागे तासांचं मीटर असतं. मशीन जितके तास चालेल तितकेच ते मोजतं. एक तारखेला घरचं कुणीतरी तो आकडा वाचून फोनवर सांगतं, आम्ही तो सॉफ्टवेअरमध्ये भरतो, आणि त्यावरून कुणाकडे फिल्टर बदलायला कधी जायचं ते ठरतं. जातो तो पाना. आमचा टेक्निशियन. खिशाला पेनाऐवजी पाना लावून फिरतो, म्हणून हे नाव.

लोक आकडे चुकीचे वाचतात. सहाचे नऊ करतात, मीटरऐवजी मशीनचा नंबर सांगतात. एका आजोबांनी एकदा स्वतःचं वजन सांगितलं होतं. म्हणून सॉफ्टवेअर प्रत्येक आकडा आधी तपासून बघतं. मागच्यापेक्षा कमी नाही ना? दिवसाला चोवीस तासांच्या वर जात नाही ना? नसेल पटत तर पिवळा त्रिकोण येतो आणि खाली तीन बटणं. नाकारा. दुरुस्त करा. तरीही स्वीकारा.

पहिल्याच महिन्यात एका मशीनवर त्रिकोण आला. मागचं रीडिंग ६२१२, आताचं ६९६२. तीस दिवसांत साडेसातशे तास. मी कॅल्क्युलेटरवर केलं, मग कागदावर केलं, मग माझ्यावर माझाच विश्वास नाही म्हणून शेजारच्या टेबलावरच्या मुलीला करायला लावलं.

दिवसाचे पंचवीस तास.

२

फोन एका बाईंनी उचलला. आवाज तरुण होता आणि थकलेला. मी आकडा परत वाचायला सांगितला.

"सहा, नऊ, सहा, दोन."

"मागच्या एक तारखेला सहा दोन एक दोन होता ना?"

"हो. मीच सांगितला होता." मग त्यांनी विचारलं, "जास्त झालंय का काही?"

"एक तास," मी म्हणाले. "रोजचा."

मागे मशीन चालल्याचा आवाज तेवढा येत होता. एक घरघर आणि मधेच सुटणारा फुसकारा.

दुसऱ्या दिवशी पाना जाऊन आला. स्वतःचं घड्याळ मीटरसमोर धरून तो सकाळी तासभर तिथे बसला होता. "तासाला तास," तो म्हणाला. "मीटर चोख आहे. बाई पण चोख आहे. सहा वर्षांचा पोरगा आहे मशीनवर, झोपूनच असतो. आता तुमचं कॉम्प्युटर तपासा."

तीन तारखेला महिना बंद होतो. एक जरी त्रिकोण शिल्लक असला तरी बंद होत नाही. पावणेदोन वाजले होते, दोनला मला सुटायचं होतं, चिमी तीनला उठते, आणि मॅडम दारातून म्हणत होत्या, "एकाच आकड्यासाठी सगळं अडलंय का गं?"

मी 'तरीही स्वीकारा' दाबलं. कारण विचारलं, त्यात 'ग्राहकाशी बोलून खात्री केली' असं लिहिलं. ते खोटंही नव्हतं.

३

अडीचला मी घरी पोचायचे. सासूबाई माझ्यासाठी जेवण झाकून ठेवायच्या आणि आडव्या व्हायच्या. तीनला चिमी उठायची. तीन ते चार ही आमची वेळ. चटईवर दोघी लोळायचो. मी तिला चष्मा हरवलेल्या कासवाची गोष्ट सांगायचे. ती माझी स्वतःची गोष्ट आहे, वाईट आहे, आणि रोज वेगळ्या ठिकाणी संपते, कारण मला शेवट सुचत नाही.

महिना बंद केला त्या दिवशी मी तीनला चिमीला पाळण्यातून उचललं आणि चार वाजले.

वेळ कसा गेला कळलं नाही, असं आपण म्हणतो. तसं नव्हतं. उचलताना तिचं डोकं घामेजलेलं होतं, गालावर उशीची घडी उमटलेली होती. आणि लगेच घडी गेलेली, केस विंचरलेले, अंगात दुसरं झबलं.

"हिचे कपडे कुणी बदलले, आई?"

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "तूच की. आता माझ्यासमोर बदललेस."

"मग मी काय करत होते?"

"काय करणार? बसली होतीस हिला घेऊन. मी हाक मारली तर हं म्हणालीस." त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. "झोप काढत जा गं थोडी. अशाने आजारी पडशील."

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मी वही घेऊन बसले आणि दर पाच मिनिटांनी काय केलं ते लिहायचं ठरवलं. ३.०० ला लिहिलं: चिमी उठली. त्याखाली, माझ्याच अक्षरात, ४.०० ला: चिमी खेळतेय. मधे ओळ नव्हती.

डॉक्टर म्हणाल्या रक्त कमी आहे. नवरा म्हणाला, "तू काळजी करण्यात इतकी हुशार आहेस की तुला आता कारणसुद्धा लागत नाही." तो प्रेमानेच म्हणाला. मलाही ते पटलं. कुठलंही शहाणं सॉफ्टवेअर असतं तर माझ्या म्हणण्यावर त्याने पिवळा त्रिकोण लावला असता.

४

पुढच्या महिन्यात त्या मशीनवर त्रिकोण आला नाही. हायसं वाटलं. त्याच्या पुढच्याही महिन्यात आला नाही.

त्या तिसऱ्या महिन्यात मी तीनला चिमीला उचलत होते आणि सहा वाजत होते.

त्या महिनाअखेरीस, एका संध्याकाळी नवरा घरी आला तेव्हा सासूबाई त्याला दारातच सांगत होत्या, "आज तीन पावलं टाकली पोरीने. हिच्याकडेच आली चालत. हिने तर असं घट्ट धरलं तिला."

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. त्याचा चेहरा फुलला होता. "मला फोन तरी करायचास."

मी हसले. माझ्या हातांना काहीच आठवत नव्हतं. आतल्या खोलीत जाऊन मी चिमीची पावलं हातात घेऊन बसले. तळवे जरा मळलेले होते. ती चालली होती, एवढाच पुरावा.

एक तारखेला ऑफिसात गेल्यावर मी पहिल्यांदा त्या मशीनचे जुने आकडे उघडले. का उघडले, सांगता येत नाही. तासच्या तास हरवणाऱ्या बाईला जास्तीच्या तासाचं मशीन आठवणारच, असं मी स्वतःला सांगितलं.

पहिला महिना, दिवसाला पंचवीस. मी स्वीकारलेला. दुसराही पंचवीस. तिसरा, सव्वीस. चौथा, आज सकाळीच आलेला, सत्तावीस.

"मॅडम, याला त्रिकोण का नाही आला?"

मॅडमनी चष्मा वर केला. "पंचवीस तूच मान्य केलास ना? एकदा माणसाने मान्य केलं की सॉफ्टवेअर ते खरं धरतं. त्याच्यावर दहा टक्के सूट देतं, मग पुढचा आकडा त्यात बसला की गप्प." त्या वाकून आकडे बघू लागल्या. "सत्तावीस? दिवसाला? अगं, हे तीन तारखेच्या आत निस्तर. वरच्यांनी पाहिलं तर दोघींना हसतील."

पंचवीसला एक तास. सव्वीसला दोन. सत्तावीसला तीन. माझ्या वहीत तारखेवार हेच होतं. पुढचा हिशोब करायला कॅल्क्युलेटर लागला नाही. असंच चाललं तर चिमी दीड वर्षाची होईपर्यंत तिची झोपायची वेळसुद्धा मला दिसणार नव्हती.

५

पाना रजेवर होता. मी नवा फिल्टर पिशवीत टाकला आणि दोनला सुटल्यावर घरी न जाता त्या पत्त्यावर गेले. दुसरा मजला, सतरा पायऱ्या. जिना स्वच्छ होता. वरून घरघर आणि फुसकारा ऐकू येत होता.

बाईंनी दार उघडलं. माझ्याच वयाच्या असतील. मी कंपनीचं नाव सांगितलं, फिल्टर दाखवला. त्या मात्र माझ्या चेहऱ्याकडेच बघत होत्या. मी काही बोलणार तेवढ्यात आतून, पडद्यामागून, मुलाचा बारीक आवाज आला.

"मावशी आली?"

"नाही रे राजा," बाई म्हणाल्या. त्यांची नजर माझ्यावरून हलली नव्हती. "अजून आपलेच तीन वाजायचेत."

मी मशीनपाशी बसले. ते पडद्याच्या अलीकडे होतं आणि नळी पडद्याखालून आत गेली होती. फिल्टर बदलायला दहा मिनिटं लागतात. पहिल्यांदाच करत होते म्हणून मला वीस लागली.

"तुम्हाला कळलंय ना?" बाई मागून म्हणाल्या. "म्हणून आलात."

"मला काहीच कळलेलं नाही," मी म्हणाले. "आकडा पटत नाही, एवढंच कळलंय."

त्या शेजारी जमिनीवर बसल्या. डॉक्टरांनी महिना सांगितला होता, त्या म्हणाल्या. फार तर महिना. मशीन आलं आणि दोन-तीन दिवसांनी त्यांच्या लक्षात आलं की दुपारी तीनचे चार होतात आणि परत तीन वाजतात. आपले तीन, आणि मग दुसरे तीन. घड्याळ बदललं, तरी तेच. "पण तो तास रिकामाच जायचा. हा झोपलेला, मशीन चालू, मी बघत बसलेली. महिन्याभराने ती यायला लागली."

"कोण?"

"मला वाटलं, तुमच्या कंपनीची नर्स." त्या साडीच्या पदराशी चाळा करत होत्या. "ती आली की हा उठून बसतो. जेवतो. बोलतो. इतर वेळी याला घोटभर पाणी जात नाही. त्या तासावरच आहे हा. डॉक्टर म्हणतात, कसा टिकलाय समजत नाही. आता तर चारदा वाजतात तीन. मागच्या आठवड्यात खिडकीपर्यंत चालला."

मला चिमीची पावलं आठवली.

"मी आत येऊ?" मी विचारलं.

पडदा बाईंनीच बाजूला केला. गादीवर इतका लहानसा देह होता की चादरीखाली कुणी असेल असं वाटू नये. नाकाला नळी, डोळे अर्धवट मिटलेले. त्याने मान माझ्याकडे वळवली आणि ओळखीचं हसला.

"आज दारातून कशी आलीस?"

६

मी निघायला हवं होतं. पण बाई म्हणाल्या, "चहा टाकते," आणि मी बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसून राहिले. खरं कारण असं की मला बघायचं होतं. माणूस स्वतःला वेड लागलंय की नाही याची खात्री करायला कुठेही बसून राहतो.

भिंतीवर घड्याळ होतं. काटे चारवर आले. तेवढ्यात खाली रस्त्यावर कुणाची तरी गाडी सुरू होत होती, तिचा आवाज अर्ध्यातच तुटला. पंखा फिरत होता, वारं लागत नव्हतं. मशीनची घरघर मात्र खोलीभर मोठी झाली. मी परत घड्याळाकडे बघितलं. तीन.

बाई चहाचा कप हातात धरून स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

आत खुर्ची करकरली. मुलगा खळखळून हसला. मघाच्या त्या देहातून असा आवाज येणं शक्य नव्हतं. मग एका बाईचा आवाज आला, हळू, जरा खर्जातला. आपला आवाज बाहेरून ऐकला की आपल्यालाच पटकन ओळखता येत नाही. शब्दांवरून ओळखला.

"...मग कासव म्हणालं, चष्मा सापडला तरी आता मला तो नको. कारण इतके दिवस मी सगळं अंदाजानेच बघितलं, आणि मला तेच जास्त आवडलं."

"मग संपली?"

"हो. संपली."

तो शेवट होता. चांगला होता. मला कधीच सुचला नव्हता. चिमीला सांगताना तर नाहीच.

मी पडद्याची कड बोटभर सरकवली. खुर्चीवर माझ्याकडे पाठ करून कुणी बसलं होतं. सैल बांधलेले केस. डाव्या खांद्यावर दुधाचा वाळलेला डाग, चिमीने त्याच सकाळी पाडलेला. मी माझ्या खांद्याला हात लावला. तिने त्याच क्षणी तिच्या खांद्याला लावला. मग ती मान वळवू लागली.

मी पिशवी तिथेच टाकून जिना उतरले. रस्त्यावर आले तेव्हा दिवेलागण झाली होती. सतरा पायऱ्या उतरायला मला सव्वादोन तास लागले होते.

घरी सासूबाई दार उघडून सरळ आत निघून गेल्या. चिमी रडून रडून झोपली होती.

७

तीन तारखेला मी 'दुरुस्त करा' उघडलं. चोवीस टाकलं की संपणार होतं. संध्याकाळ माझी, पावलं माझी. आणि त्या घरात तीनचे चार होणार, चारचे पाच होणार, आणि बाकी काहीच होणार नाही.

कितीतरी वेळ मी त्या चौकटीत चोवीस लिहून पुसत होते. पहिल्या महिन्यात मी ते बिनदिक्कत टाकलं असतं. तेव्हा तो आकडा होता. आता त्याने मला मावशी म्हटलं होतं.

"अपवाद करता येईल का, मॅडम?" मी विचारलं. "एका मशीनपुरता? कमाल पंचवीस. त्याच्या वर गेलं तर सरळ नाकारायचं."

"पंचवीस तरी कशाला?"

"बाईंशी बोलले मी. तेवढं राहू दे."

मॅडमनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. त्यांना दोन मोठी मुलं आहेत. त्यांनी कारण विचारलं नाही. खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसल्या आणि पडद्यावर कुठे काय भरायचं ते दाखवू लागल्या. कमाल तास: पंचवीस. कधीपासून: या महिन्याची एक तारीख. कधीपर्यंत.

कधीपर्यंत ही चौकट रिकामी राहत नाही.

"तिथे नऊ-नऊ-नऊ-नऊ टाक," मॅडम म्हणाल्या. "साल नऊ हजार नऊशे नव्याण्णव. सगळे तेच टाकतात, म्हणजे कधीच संपत नाही. पण काय ते आत्ताच ठरव. महिना बंद झाला की ही तारीख अलीकडे आणता येते, पुढे नेता येत नाही."

मी चार वेळा नऊ दाबलं. मग तो आकडा बघत बसले. चिमी शाळेत जाईल, तिला दात येतील, पडतील, ती मला काही विचारायला तीन वाजता खोलीत येईल आणि तिथे कुणीतरी हं म्हणेल. तिच्या लग्नाच्या दुपारीसुद्धा. मी गेल्यावरही तो तास चालूच राहील, कुणाचा तरी.

मी चारही नऊ पुसले.

मग कॅलेंडर उघडलं आणि पानं पुढे ढकलू लागले. एक महिना म्हणजे क्रूरपणा झाला. एक वर्ष... एका वर्षात चिमी बोलायला लागेल. सहा महिन्यांवर बोट थांबलं. सहा महिने मला माणुसकीला धरून वाटले. डॉक्टरांनी तर एकच दिला होता. मी एका मधल्याच, काही नसलेल्या तारखेवर टिचकी मारली, दुकानात रुमाल निवडावा तितक्या सहज, आणि जतन केलं.

पावणेदोनला महिना बंद झाला.

८

तेव्हापासून मी रोज तीनला जाते आणि चारला येते. एवढंच. चारला चिमी मला माझ्याच मांडीवर बसलेली सापडते. तिला फरक कळतो का, माहीत नाही. कधी कधी त्या वेळी ती माझं तोंड दोन्ही हातांत धरून निरखून बघते.

परवा एक तारीख होती. बाईंनी स्वतःहून फोन केला. "एक, शून्य, एक, दोन, नऊ," त्या म्हणाल्या. एकतीस दिवसांचे सातशे पंच्याहत्तर. त्रिकोण आला नाही.

"एकदाच वाजतात आता दुसरे तीन," त्या म्हणाल्या. तक्रार नव्हती त्यात. "खिडकीपर्यंत जमत नाही त्याला. पण बसतो. जेवतो. तेवढ्यावर निभतंय."

"बरं," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

"तुमची पिशवी आहे इथे."

"राहू द्या."

मग फोनवर खुसफुस झाली आणि बाई जरा ओशाळून हसल्या. "हा मघापासून मागे लागलाय. विचार म्हणतोय, म्हणून विचारते हं. सातवा वाढदिवस आहे ना त्याचा. मावशी त्या दिवशी नक्की येणार का म्हणतोय. आता ती एकदाच येते ना, म्हणून आधीच विचारून ठेवायचं म्हणे."

"कधी आहे?"

त्यांनी तारीख सांगितली.

मी त्या मशीनचं पान उघडलं. कधीपर्यंत: माझी तारीख, करड्या अक्षरांत. वाढदिवस तिच्यानंतर नऊ दिवसांनी होता. मी चौकटीत टिचकी मारून पाहिली, परत मारली. मागचा एक एक दिवस निवडता येत होता. पुढचे सगळे दिवस फिकट होते, त्यांच्यावर बोट ठेवलं तरी काही होत नव्हतं.

फोनमधून घरघर येत होती, आणि फुसकारा, आणि मधे बाईंचा दबलेला आवाज: "थांब रे, बघतायत त्या."

"हॅलो?" त्या म्हणाल्या. "काय सांगू त्याला?"

"येईन म्हणावं," मी म्हणाले.